खेळांतील सेना आणि आपली उंबरखिंड

गेल्या सहामाहीच्या तोंडी परीक्षेंत आम्हीं नववीच्या वर्गास सहज एक प्रश्न विचारला कीं, रोमन शताधिपतीच्या हाताखालीं किती शिपाई असत? प्रश्न अभ्यासक्रमांतला नव्हता. शुभवर्तमानांत शताधिपति हा शब्द वारंवार येतो, म्हणून उपासनेच्या वेळीं त्याचा अर्थ 'शंभर शिपायांवरचा अंमलदार' असा आम्हींच पूर्वी सांगितला होता. तेव्हां उत्तर शंभर असेंच येणार याविषयीं आमची खात्री होती. मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उठला. त्याच्याकडून कोणत्याही विषयांत आम्हांस फारशी आशा नव्हती, हें येथें कबूल केलें पाहिजे. तो म्हणाला, "सर, ऐंशी." आणि मग तो थांबेना. एका तंबूंत आठ शिपाई, अशा दहा तंबूंचें एक शतक, सहा शतकांची एक कोहोर्ट, दहा कोहोर्टींची एक लीजन. भाला असा घडविलेला कीं शत्रूच्या ढालींत रुतला म्हणजे त्याची लोखंडी दांडी वांकावी व तो उपटून परत फेंकतां येऊं नये. हें सारें त्यानें एका दमांत सांगितलें. आम्ही घरीं जाऊन पुस्तकें उघडलीं. मुलगा बरोबर होता. नांव शंभरांचें असलें तरी बादशाही काळांतील शतकांत शिपाई साधारण ऐंशीच असत, आणि लीजनींत एकंदर पांच हजारांच्या आसपास.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्यास बोलावून ही विद्या कोठून संपादन केली असें विचारलें. त्यानें खालीं मान घालून सांगितलें कीं मोबाईलवरच्या खेळांतून. त्या खेळांत एका कल्पित राजाची सेना असते. तिची रचना, तिचीं निशाणें, तिचा पोशाख हें सर्व रोमन धर्तीवर केलेलें, आणि तिचे शत्रू मात्र सुळेवाले राक्षस. खोपोली लोकलमध्यें बसलें म्हणजे पळसदरीपासून लौजीपर्यंत एक लढाई पुरी होते, असें तो म्हणाला. आम्हीं विचारलें, "बरें, उंबरखिंड कोठें आहे?" हा मुलगा खालापूर तालुक्यांतला. तो पुष्कळ वेळ उगा राहिला, आणि अखेर म्हणाला, "पालीच्या रस्त्याला पाटी पाहिली आहे, सर."

पाटी पाहिली आहे! या तीन शब्दांमुळेंच हा लेख आम्ही लिहीत आहों.

अशा खेळांविषयीं पालकांच्या तक्रारी आमच्याकडे नेहमीं येतात. कोणी म्हणतात, डोळे बिघडले. कोणी म्हणतात, अभ्यास बुडाला. आणि कोणी ख्रिस्ती पालक असेंही म्हणतात कीं भुताखेतांच्या व राक्षसांच्या सेना मुलांनीं खेळांत देखील चालवूं नयेत, शाळेनें यावर बंदी घालावी. डोळ्यांचें व अभ्यासाचें म्हणणें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे, व त्यासाठीं घड्याळाचा कांटा आणि आईबापांची जरब हेच उपाय आहेत. परंतु कल्पित सेना रचणें हें मूळांतच वाईट, हें आम्हांस पटत नाहीं. माणसाच्या बुद्धीची ही फार जुनी हौस आहे. आपल्याकडील बुद्धिबळ काय आहे? हत्ती, घोडा, उंट, प्यादीं. चतुरंग सेना चौसष्ट घरांत आणून ठेविलेली. महाभारतांतील अक्षौहिणी घ्या: २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडेस्वार आणि १,०९,३५० पायदळ, एका रथामागें एक हत्ती, तीन घोडे व पांच पायदळ हें प्रमाण शेवटपर्यंत कोठें ढळत नाहीं. सेना काव्यांतली असली तरी तिचा हिशेब चोख लागतो, हें त्या कवीस ठाऊक होतें.

पाश्चात्त्यांकडेही असेंच झालें. प्रशियाच्या सैन्यांत १८२४ साली नकाशावर ठोकळे मांडून व फांसे टाकून लढाई खेळण्याची एक पद्धति अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं स्वीकारण्यांत आली. एच्. जी. वेल्स या इंग्रज ग्रंथकारानें १९१३ साली घरांतल्या फरशीवर शिशाचे शिपाई मांडून खेळण्याच्या लढायांचे नियम छापले. त्याच पुस्तकांत त्यानें खऱ्या युद्धाची मूर्खपणा म्हणून संभावना केली, आणि दुसऱ्याच वर्षीं पहिलें महायुद्ध पेटलें. पुढें अमेरिकेंत मध्ययुगीन लढायांच्या अशाच खेळांतून १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' निघाला, इंग्लंडांत १९८३ साली 'वॉरहॅमर' निघाला, आणि आज मुलांच्या हातांत जे खेळ आहेत ते या घराण्याचे नातू-पणतू होत. या साऱ्यांनीं एक गोष्ट ओळखिली कीं राक्षसांची सेना जरी उभी करावयाची असली तरी तिला रांगा पाहिजेत, हुद्दे पाहिजेत, निशाण पाहिजे. आणि हें सर्व कल्पनेनें नवें काढण्यापेक्षां इतिहासांतून उसनें घेतलें तर तें अधिक खरें वाटतें. उसनें घ्यावयाचें तर रोमहून मोठा सावकार कोण? दर मुक्कामीं खंदक खणून, मातीचा वरवंडा घालून, त्यावर खुंट रोवून छावणी उभी करावी. ती नेहमीं एकाच आंखणीची, म्हणजे अंधारांतही ज्याला त्याला आपला तंबू सांपडावा. अशी शिस्त ज्यांनीं शेंकडों वर्षें पाळली त्यांचें चित्र खेळ करणारास मोहवील यांत नवल नाहीं.

मग आमचा आक्षेप कशास? उसनें घेतांना निम्मेंच घेतलें, यास. चिलखत घेतलें, तहान टाकली. निशाण घेतलें, तें गमावल्याची लाज टाकली. इ. स. ९ मध्यें जर्मनींतील ट्यूटोबर्गच्या रानांत वारस या सेनापतीच्या तीन लीजन पलटणी समूळ नाश पावल्या. त्यांचे क्रमांक १७, १८ व १९ होते. ते रोमन लोकांनीं पुढें कधींही दुसऱ्या पलटणीस दिले नाहींत. खेळांत मेलेली पलटण एक कळ दाबली कीं पुन्हां उभी राहते. ज्या मुलास ऐंशी हा आंकडा ठाऊक आहे त्यास हे तीन आंकडेही ठाऊक असावेत, एवढेंच आमचें मागणें.

आणि रोमचा याहूनही बोधक असा एक पराभव आहे, कारण त्यांत फारसें कोणी मेलेंच नाहीं. इ. स. पूर्वी ३२१ साली रोमचे दोन्ही कॉन्सल आपल्या सैन्यासह सॅम्नाइट लोकांवर चालून जात होते. मेंढपाळांच्या वेषांत पाठविलेल्या शिपायांनीं त्यांस खोटी बातमी दिली कीं सॅम्नाइट फौज दूर ल्यूसेरियास वेढा देऊन बसली आहे. जवळची वाट कॉडियमच्या खिंडींतून होती. रोमन तींत शिरले. पुढचें तोंड झाडें पाडून व दगड रचून बंद केलेलें. मागें वळले तों मागचेंही बंद. लिव्हि या इतिहासकारानें ही हकीकत दिली आहे. सॅम्नाइटांचा सेनापति गायस पोंतियस यास इतका मोठा शत्रु हातीं आल्यावर त्याचें करावें काय हेंच सुचेना. त्यानें आपला वृद्ध पिता हेरेन्नियस याचा सल्ला मागविला. म्हाताऱ्यानें निरोप पाठविला कीं सर्वांस सन्मानानें सोडून द्या. तो कोणास रुचला नाहीं, म्हणून पुन्हां विचारलें, तेव्हां त्यानें कळविलें कीं मग एकूणएक कापून काढा. बापाची बुद्धि चळली असें मुलास वाटलें. परंतु म्हाताऱ्याचा अर्थ सरळ होता: पहिल्यानें मैत्री मिळेल, दुसऱ्यानें शत्रूचें बळ पिढ्या दोन पिढ्या मोडेल, मधला मार्ग मात्र दोन्ही घालवील. मुलानें मधलाच मार्ग धरिला. रोमन शिपायांस अंगावरच्या एका वस्त्रानिशीं, भाल्यांच्या जुवाखालून वांकून जावयास लाविलें व मग सोडलें. रोमनें तो अपमान गिळला नाहीं, आणि शेवटीं सॅम्नाइटांचें राज्य राहिलें नाहीं.

आतां आपल्या खिंडीकडे येऊं.

शके १५८२ चा माघ, म्हणजे १६६१ चा फेब्रुवारी महिना. शाएस्तेखान पुण्यास तळ देऊन बसला होता. त्यानें कारतलबखान या उझबेग सरदारास कोंकण काबीज करण्यास पाठविलें. रहदारीचा बोरघाट सोडून खान लोहगडाच्या दक्षिणेकडून, आज लोणावळ्याजवळ जें कुरवंडे गांव आहे त्या बाजूच्या अवघड वाटेनें उतरला. नागफणीच्या सुळक्यावरून कोंकणाकडे पाहिलेल्यांस तो उतार सांगावयास नको. त्याच्याबरोबर कोण कोण होते हें कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यांत नांवानिशीं दिलें आहे: अमरसिंह, मित्रसेन, सर्जेराव गाढे, जसवंतराव कोकाटे, जाधव, आणि माहूरच्या देशमुख घराण्यांतील ती पराक्रमी स्त्री, जिला बादशहाकडून 'रायबागन' म्हणजे राजव्याघ्री हा किताब मिळाला होता. खाल्डिया आणि कार्थेज येथील राण्यांचीं नांवें पाठ करणाऱ्या आमच्या मुलींस ही बाई ठाऊक नसते. तिनें युद्ध केलें तें महाराजांविरुद्ध, म्हणून कीं काय कोण जाणे.

घाट उतरून खानाची फौज चावणी गांवाजवळच्या उंबरखिंडींत आली. खाली अंबा नदीचें पात्र, दोहों बाजूंस दाट रान, आणि वाट अशी कीं एकामागें एक चालावें. महाराज आपले लोक घेऊन दोन्ही अंगच्या टेंकड्यांवर आधींच दबून बसले होते. फौज आंत येईपर्यंत कोणी चकार शब्द काढिला नाहीं. आम्हांस वाटतें, या लढाईंतली सर्वांत कठीण गोष्ट हीच; बंदूक उडविणें सोपें, न उडविणें अवघड, आणि खेळांत तर तें कोणासच साधत नाहीं. मग एकदम रणवाद्यें वाजलीं, आणि बाण, गोळ्या व वरून लोटलेले धोंडे यांचा वर्षाव सुरू झाला. पुढें जातां येईना, मागें फिरतां येईना. वारा नाहीं, पाणी नाहीं; नदी असून ती शत्रूच्या माऱ्यांत. खानाच्या सरदारांनीं हिंमत सोडिली असें मात्र नव्हे. मित्रसेनासारखे कांहीं तसेही लढत राहिले. पण तहानेपुढें शौर्य किती वेळ टिकणार?

अशा वेळीं रायबागन पुढें झाली. सिंहाच्या रानांत आपणहून शिरलांत हेंच चुकलें, आतां व्यर्थ माणसें मारूं नका, शरण जा, अशा अर्थाचा तिचा उपदेश परमानंदानें दिला आहे. खानानें तो ऐकिला व वकील पाठविला. महाराजांनीं खंडणी मान्य करून घेतली आणि सर्वांस अभय दिलें. सामानसुमान टाकून, पण जीव घेऊन, तें सैन्य खिंडींतून बाहेर पडलें. मागें नजर ठेवण्यास नेतोजी पालकरांस ठेवून महाराज दक्षिण कोंकणांत उतरले. नेतोजींचें गांव म्हणून आपल्या तालुक्यांतलें चौक ओळखलें जातें, हें तेथून येणाऱ्या मुलांनीं लक्षांत ठेवावें.

कॉडियमची खिंड आणि उंबरखिंड यांची तुलना करतांना एक फरक आमच्या मनांतून जात नाहीं. गायस पोंतियसास जूं उभारल्यावांचून राहवलें नाहीं. महाराजांनीं खंडणी घेतली, सामान घेतलें. शरण आलेल्याची मान वांकविण्याचा तमाशा केला नाहीं. हेरेन्नियसाच्या तराजूंत हा व्यवहार कसा उतरला असता? कोणी म्हणेल कीं हाही मधलाच मार्ग, आणि मोंगल कांहीं यानें मित्र झाले नाहींत. तें खरें. परंतु शाएस्तेखानाच्या लाखाच्या फौजेसमोर मूठभर लोकांनिशीं राज्य राखणारास शत्रूचीं प्रेतें मोजण्यापेक्षां वेळ व पैसा अधिक मोलाचा होता, आणि सोडून दिलेला प्रत्येक शिपाई पुण्याच्या छावणींत जाऊन सह्याद्रीच्या रानाची भीति सांगणार होता. दया आणि धोरण येथें एकत्र आलीं. त्यांत दया किती व धोरण किती, याचा वाद आमच्या स्टाफरूममध्यें अद्यापि मिटलेला नाहीं. गणिताचे मास्तर धोरणाच्या बाजूचे आहेत.

याच डोंगरांनीं पुढें आणखी एक फौज पाहिली. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांस घेऊन मुंबईकर इंग्रज बोरघाटानें वर चढले, आणि जानेवारी १७७९ मध्यें वडगांवास वेढले जाऊन त्यांस तह करणें भाग पडलें. त्या मोहिमेंत कॅप्टन स्टुअर्ट नांवाचा अधिकारी कार्ल्याजवळ मारला गेला. मराठे त्याच्या धाडसावर इतके खूष होते कीं त्यास त्यांनीं 'इष्टूर फाकडा' म्हटलें, आणि शत्रूचें तें नांव मराठींत आजतागायत टिकून आहे. आपल्याला मारावयास आलेल्या माणसास फाकडा म्हणणें, हें ज्यांस सुचलें ते लोक लढाई काय असते हें जाणत होते. खेळांतल्या राक्षसास कोणी फाकडा म्हणत नाहीं, कारण त्यास मुळीं नांवच नसतें. आमच्या मतें त्या खेळांतली खरी वाईट गोष्ट सुळे व शिंगें ही नव्हे. समोरचा शत्रु माणूस नाहीं असें एकदां ठरविलें म्हणजे त्यास सोडून देण्याचा प्रश्नच उरत नाहीं, ही आहे. ज्या खेळांत शरण जाण्याची कळ नाहीं, त्या खेळांत उंबरखिंड घडूं शकत नाहीं.

ख्रिस्ती पालकांस येथें आम्ही एवढेंच सुचवितों कीं शुभवर्तमानांतील रोमन शिपाई पुन्हां एकदां वाचून पाहावेत. कफर्णहूमच्या शताधिपतीस प्रभूनें नोकरी सोड असें सांगितलें नाहीं. त्याच्या विश्वासाची वाखाणणी केली. कैसरियांतील कर्नेल्य हा इटलीच्या पलटणींतला शताधिपतिच होता. आणि वधस्तंभापाशीं प्रभूच्या वस्त्रांचे चार वांटे करून अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकणारे तेही शिपाईच, व तेथेंच उभा राहून देवाची थोरवी ओळखणाराही शताधिपतिच. एकाच पोशाखांत इतकीं निरनिराळीं माणसें पवित्र शास्त्रानें दाखविलीं आहेत. मुलांनीं सेना खेळावी. मात्र शिपायास तोंड आहे हें विसरूं नये.

हें कसें साधावें? त्यासाठीं परदेशांतून कांहीं मागविण्याची गरज नाहीं. दिवाळींत आपल्याकडे घरोघर मातीचे किल्ले होतात. गोणपाटावर चिखल लिंपून, अळीव व मोहरी पेरून हिरवळ करावयाची, वर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, गुहेंत वाघ, पायथ्याशीं गवळण आणि भाजीवाली. महाराज बुरुजाहून उंच असतात, आणि दरवाजावर कधीं कधीं बंदूकवाला प्लास्टिकचा अमेरिकन शिपाई पहारा देतो, तें चालावयाचेंच. जगांतील मुलें पेट्यांतून विकत घेतलेल्या सेना मांडतात, आपलीं मुलें स्वतः डोंगर घडवितात. तेव्हां या खेळांत आपण कोणाहून मागें नाहीं. मात्र वर्षानुवर्षें तोच एक किल्ला होतो आणि त्यांत शत्रु कोठेंच नसतो. म्हणून या दिवाळीपूर्वी आम्हीं नववीच्या वर्गास सांगितलें कीं किल्ला नको, खिंड करा.

वसतिगृहामागच्या पडवींत त्यांनीं ती केली. त्याआधीं एका शनिवारीं आम्ही मुलांस चावणीस घेऊन गेलों. नदीच्या पात्रांतील खडकावर समरभूमीचें स्मारक आहे, तेथें बसून सर्वांनीं डबे खाल्ले. परत आल्यावर तो ऐंशीवाला मुलगा प्रमुख झाला. त्यानें खानाची फौज चार-चार करून रांगेनें मांडली. मग स्वतःच मोडली व एकामागें एक लाविली, कारण त्यानें वाट पाहिली होती. वर्गांतील एका मुलीनें गवळणीची घागर फोडून, हातांत तांबड्या कागदाचें निशाण देऊन तिची रायबागन केली. नेतोजी झालेला मावळा भाजीवालीहून बुटका होता. सर्व मांडून झाल्यावर आम्हीं विचारलें कीं खान शरण आला, आतां हे लोक जाणार कोठून? तेव्हां त्या मुलानें एका बाजूचे धोंडे काढून वाट मोकळी केली, आणि त्या मुलीनें घरांतून एक पणती आणून, तिच्यांत तेलाऐवजीं पाणी भरून, वाटेच्या तोंडाशीं ठेविली.

मांजरानें एकदां उजवी टेंकडी पाडिली ती पुन्हां लिंपली आहे. स्नेहसंमेलनास येणाऱ्या पालकांनीं पडवीकडे अवश्य यावें. वाकून पाहिल्याखेरीज खिंड दिसत नाहीं.